हंड्याचा हक्क

गुंडलने घर मुलाच्या नावावर करून दिलं तेव्हा नोटरीने तिला दोनदा विचारलं होतं, "आणखी काही स्वतःकडे राखून ठेवायचं आहे का?"

ती विचार करून बोलणारी बाई. तिने दक्षिणेकडची खोली मागून घेतली, कारण हिवाळ्यातही दुपारचं ऊन तिथे येतं. फोडलेलं, वाळलेलं लाकूड मागितलं. "वाळलेलं" हा शब्द तिने आग्रहाने घालायला लावला. रोजचं दूध, अंडी, बटाटे, डुक्कर कापलं की त्यातला वाटा, रविवारी गाडीने चर्चला नेणं-आणणं, आजारपणात शुश्रूषा आणि शेवटी नवऱ्याच्या कबरीशेजारी जागा. आमच्या वाल्डरॉइट गावात म्हातारी माणसं घर सोपवताना असं एकेक करून मागून घेतात. त्यात कुणाला अविश्वास दिसत नाही. मुलगा शेजारी बसून मान डोलावत असतो.

"बस्स, एवढं पुरे," गुंडल म्हणाली.

बिअर करण्याचा हक्क मागायचा राहून गेला. पुढे मी तिला एकदा त्याबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला श्वास घेऊ द्या, असं कुणी नोटरीसमोर मागतं का?"

गावातल्या मोजक्याच घरांना हा हक्क आहे. चर्चच्या खालच्या अंगाला सगळ्या घरांचं मिळून एक हंडाघर आहे. आत लाकडावर तापणारा तांब्याचा मोठा हंडा, त्याच्या शेजारी एक छोटा, आणि माळ्यावर गरम रस निवत ठेवायची रुंद, उथळ परात. ज्याची खेप असेल त्याने तिथे जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, शिजवायचं, त्याचा गोड रस हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा, पिंपात भरून घरी न्यायचा आणि आपल्या तळघरात यीस्ट घालून त्याची बिअर होऊ द्यायची. बिअर तयार झाली की दारावर काठीला लाकडी चांदणी टांगायची. चांदणी दिसली की गाव तुमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसतं. हक्क माणसाचा नसतो, घराचा असतो. घर ज्याच्या नावावर, हंडा त्याचा.

फुक्सांच्या या घरात गुंडल सून म्हणून आली तेव्हा सासरा बिअर करायचा. तो गेल्यावर काम तिच्या नवऱ्याकडे यायला हवं होतं. पण एर्हार्ड काचेच्या कारखान्यात होता, संध्याकाळी घरी यायचा तो भिंतीला पाठ टेकून नुसता बसायचा. त्यामुळे गुंडल हंड्यापाशी उभी राहिली. पहिल्या वर्षी लोक गंमत बघायला आले. दुसऱ्या वर्षी बिअर प्यायला आले.

ती फिकी बिअर कधी करत नसे. तिची बिअर तांबूस असायची, नुकत्याच टरफलातून काढलेल्या चेस्टनटसारखी. तिला पावाच्या खरपूस कडेचा वास यायचा. पहिल्या घोटाला गोड लागायची, पण घोट गिळल्यावर तो गोडवा जिभेवर राहायचा नाही. त्यासाठी ती एक जुनी, वेळखाऊ रीत पाळायची. मोठ्या हंड्यात शिजत असलेल्या लगद्याचा काही भाग छोट्या हंड्यात काढायचा, तो वेगळा खळखळून उकळायचा, तळाला लागू नये म्हणून लाकडी वल्ह्याने सतत ढवळायचा आणि मग परत मोठ्या हंड्यात ओतायचा. मग पुन्हा तेच. यात अर्धा दिवस जास्त जातो, गाडीभर लाकूड जास्त जळतं आणि दंड भरून येतात. बाकीच्या घरांनी हे केव्हाच सोडून दिलं होतं. तिला कुणी म्हटलं, "गुंडल, कशाला एवढा जीव काढतेस?" तर ती म्हणायची, "तुझा काढते का? मग गप बस."

ती स्वतः जेमतेम अर्धा ग्लास प्यायची. तळघरात पिंपाला कान लावून उभी राहायची, आतली बुडबुड ऐकत. तिचा मुलगा कास्पर लहान असताना गावच्या शाळेत माझ्या वर्गात होता. "आई काय करते?" या विषयावर त्याने लिहिलं होतं, "आई पिंपाशी बोलते. पण पिंप जास्त बोलतं." मी तो निबंध तिला वाचून दाखवला तेव्हा ती एवढी हसली की डोक्याचा रुमाल सोडून तिने डोळे पुसले.

घर नावावर झाल्यावर पहिली दोन वर्षं सगळं होतं तसंच चाललं. हंड्यापाशी गुंडल, चांदणी टांगायला कास्पर. मग कास्परने हळूहळू हात घातला. कास्पर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. त्याने ठरल्यातलं एकही कलम मोडलं नाही. लाकूड वाळलेलं असायचं, दूध रोज यायचं, रविवारी गाडी दारात असायची. फक्त ठरल्याच्या बाहेरचं त्याने काही दिलं नाही, आणि बिअर ठरल्याच्या बाहेर होती.

"आई, आता तू आराम कर," तो म्हणाला.

"मी दमले असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? वय दिसतं की."

"वय दिसतं, आणि बिअर नाही दिसत?"

"शहरातून लोक येतात, आई. त्यांना फिकी, गार, हलकी लागते. दोन प्यायले की तिसरी मागतात. तुझी एक प्यायली की माणूस झोपतो."

"झोपू दे. घरीच झोपतो ना?"

पण कास्परने फिकी बिअर केली. गाड्या भरून लोक आले. त्याची बायको कोरिना हुशार. तिने खोलीत आणखी टेबलं घातली, चीज आणि सॉसेजच्या ताटल्या सजवल्या. हंड्याची प्रत्येक खेप फिक्या बिअरची झाली. गुंडलने एकच मागणी धरली: वर्षातून एक खेप माझी. एकच हंडा. चर्चच्या जत्रेसाठी. कास्पर दर वेळी म्हणायचा, "बघू."

दोन वर्षं "बघू" ऐकल्यावर तिने आपल्या खोलीमागच्या धुण्याच्या खोलीतला जुना कपडे उकळायचा हंडा घासून पुसून लखलखीत केला. माल्ट गिरणीवाल्याकडून स्वतः आणलं, पाठीवर. लाकूड तर तिच्या हक्काचं होतंच. लहान हंडा, त्यातला लगदा वेगळा काढून उकळायला स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं. दिवसभर ढवळत बसली. गल्लीत तो वास आला तेव्हा मी खिडकी उघडून उभी राहिले होते.

आता यीस्ट हवं होतं. आमच्याकडे यीस्ट विकत आणत नाहीत. ज्या घराने शेवटची खेप काढली त्याच्या तळघरातून पुढचं घर घेऊन जातं. मागणारा बादली घेऊन उंबऱ्याबाहेर थांबतो. नाही म्हणायचं नसतं, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नसतात. आभार मानले तर यीस्ट रुसतं, असं म्हणतात. शेवटची खेप कास्परची होती. म्हणजे गुंडलला स्वतःच्याच घराच्या पुढच्या दारात, बादली घेऊन, उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागलं.

दार कोरिनाने उघडलं. बादलीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. आत जाऊन यीस्ट भरून आणलं. "पायऱ्यांवर सांडू नका हं आई, पाहुणे यायचेत," एवढंच म्हणाली. गुंडल आभार न मानता वळली. रीत म्हणून मानायचे नव्हतेच. पण त्या दिवशी तिला ते सोपं गेलं.

ती बिअर दोन-तीनच माणसांनी प्यायली असेल. मी एक. दुसरा हार्टल. हार्टल हा सगळ्या घरांच्या बैठकीचा मुखिया, एर्हार्डचा मित्र, गोल तोंडाचा, सगळ्यांशी गोड. पन्नासेक वर्षं तो गुंडलची बिअर पीत आला होता आणि तेवढीच वर्षं तिची थट्टा करत आला होता.

"गुंडल, यात चड्ड्यांचा वास येतोय," धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसून तो म्हणाला.

"तुझ्याच चड्डीचा असेल तो."

तो खोखो हसला आणि ग्लास पुढे केला. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. तो ओठ पुसून म्हणाला, "ही खरी. बाकी सगळं पाणी."

"मग बैठकीत बोल ना. वर्षातून एक खेप. माझ्या नावाने."

हार्टलने ग्लास खाली ठेवला. "हक्क घराचा असतो गं. माणसाचा नसतो. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तू बोल."

"बोलतो की. बोलतो."

बैठकीत तो बोलला नाही. त्या वर्षी हंडाघराचं छप्पर बदलायचं होतं आणि सगळ्यांत मोठा वाटा कास्पर उचलणार होता. शिवाय हार्टलची जागा कास्परच्या खोलीत शेगडीशेजारी पक्की होती. गुंडलने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वेळच मिळाला नाही, छपरातच सगळं गेलं."

"छप्पर माझ्या डोक्यावर पडलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान बोलला असतास."

वसंतात कास्परने धुण्याची खोली पाडली. तिथे पाहुण्यांसाठी स्वच्छतागृहं झाली, एक बायकांचं, एक पुरुषांचं. जुना हंडा त्याने फेकला नाही. त्यात लाल जिरेनियम लावून तो दाराशी ठेवला. कोरिना रोज त्याला पाणी घालायची. पाहुणे त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढायचे.

गुंडल माझ्याकडे येऊन बसली. हात मांडीवर पालथे. "घर त्याचं आहे," ती म्हणाली. "काय बांधायचं ते तो बांधणार. मी काही म्हणत नाही." आणि मग एक तास तेच म्हणत राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हंडाघराचा मोठा वाढदिवस आला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून माणूस येणार होता. कास्पर स्वतः आईच्या खोलीत गेला, टोपी काढून बसला आणि म्हणाला, "आई, या वेळी तुझी बिअर करायची. जत्रेत तुझ्या नावाने."

ती ज्या चालीने माझ्याकडे सांगायला आली ती मी तिच्या लग्नानंतर पाहिली नव्हती. पायात काहीतरी हलकं झालं होतं. "एक खेप, बाई. पूर्ण हंडा." तिने कास्परला सगळं समजावून सांगितलं होतं: माल्ट कोणतं, किती भाजलेलं, हॉप्स केव्हा, लगदा किती काढायचा. तो म्हणाला होता, "सगळं तू म्हणतेस तसं, आई." तिने जुना निळा ॲप्रन इस्त्री केला. खूप दिवसांनी दंडांना तेल चोळलं.

त्या दिवशी ती उजाडता उजाडता हंडाघरात गेली. लाकूड पेटवायला आपणच असावं, म्हणून. दार उघडंच होतं. आत मोठा हंडा आधीच उकळत होता, आणि कास्पर बाकावर बसून कॉफी पीत होता.

"अगं आई, तू एवढ्या लवकर कशाला आलीस? फोटोवाला नऊनंतर येणार."

ती हंड्यापाशी गेली. वाफेत तोंड घातलं. मग बाजूला वळून छोट्या हंड्यात डोकावली. तो कोरडा होता. तळाशी धुळीत एक मेलेली गांधीलमाशी पडलेली. भिंतीशी काळ्या रंगबिअरचे दोन रिकामे डबे होते. करपवलेल्या माल्टचा तो काळा काढा, फिक्या बिअरमध्ये ओतला की ती हवी तेवढी तांबूस दिसते. त्यात बेकायदा काही नाही. पुष्कळ जण वापरतात.

"छोटा हंडा कोरडा आहे," ती म्हणाली.

"आता माल्टच इतकं चांगलं येतं, आई. ती कटकट लागत नाही."

"मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पण लाकूड किती जातं बघ. आणि रंग बघ ना, अगदी तुझाच आहे. कोणाला कळणार?"

हे सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, आवाज न चढवता, मुलाचं बोलणं त्याच्याच सुरात. "फोटोवाला चांगला होता," ती शेवटी म्हणाली. "म्हणाला, आजी, वल्हं जरा वर धरा. मी धरलं. म्हणाला, हसा. मी हसले."

"अगं, पण तू तिथेच सांगायचंस."

"फोटोवाल्याला? माझ्या मुलाबद्दल?" तिने मान हलवली. "सांगायची गरज नाही, बाई. जत्रेत एक घोट घेतला की हार्टलला कळेल. सगळ्यांना कळेल. मला काही बोलावं लागणार नाही."

बिअर तळघरात पडून होती ते आठवडे ती शांत होती. मला वाटतं ती आनंदातसुद्धा असावी. ती निकालाची वाट पाहत होती आणि निकाल काय लागणार याची तिला खात्री होती.

जत्रेच्या दिवशी हंडाघरासमोर लिंडेनच्या झाडाखाली लांब बाकं टाकली होती. पिंपाच्या वर तिचा मोठा फोटो, हातात वल्हं, आणि खाली "गुंडलची बिअर". तिला मधोमध बसवलं. पहिला ग्लास प्रथेप्रमाणे मुखियाचा. हार्टल उठला, ग्लास उचलला, उजेडासमोर धरला, हुंगला, प्यायला. मोठा घोट. मग डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला.

गुंडलने हात टेबलावर ठेवले होते. पिंपापाशी कास्पर जग धरून थबकला होता. नळ तसाच वाहत होता आणि बिअर त्याच्या बुटांवर सांडत होती. त्याला त्याचं भान नव्हतं. तो आईकडे बघत होता.

हार्टलने डोळे उघडले. त्यांत पाणी होतं, खरंखुरं.

"हीच," तो म्हणाला. "हीच ती! एर्हार्ड असताना प्यायचो, तीच. गुंडल, हात अजून तोच आहे गं तुझा."

मग सगळे प्यायले, सगळे बोलले. कसाई म्हणाला, ही खरी बिअर, कास्परचं ते पोरांचं पेय. पाद्रीबाबा म्हणाले, लहानपण आठवलं. कोरिनाच्या आईने गुंडलच्या गालाचा मुका घेतला. कुणीतरी विचारलं, "रहस्य काय, गुंडल?" आणि दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं, "लगदा वेगळा उकळते ती! दोनदा! ती चव अशी लपत नाही!"

तिने त्या माणसाकडे पाहिलं. मग कास्परकडे. मला वाटलं आता बोलेल. एक वाक्य पुरलं असतं. पण तेवढ्याने सगळ्या गावासमोर मुलगा खोटारडा ठरला असता आणि सगळं गाव मूर्ख.

"पी, हार्टल," ती म्हणाली. "पोटभर पी."

कास्परने नळ बंद केला.

घरी जाताना मी तिचा हात धरला होता. चर्चच्या चढावर ती थांबली. "इतकी वर्षं मला वाटायचं, कास्परने माझी बिअर बंद केली," ती म्हणाली. "पण बाई, ती कुणी पीतच नव्हतं. ते शेगडीपाशी बसायला येत होते. सॉसेज खायला. जो नसेल त्याच्या कुचाळक्या करायला. ग्लासात काय आहे ते मी सोडून कुणाला माहीत नव्हतं."

"असं नाही गं."

"असंच आहे. हार्टल रडला, पाहिलंत ना? काळ्या डब्यावर रडला तो."

त्याच हिवाळ्यात हार्टल तिच्याकडे आला. मी तिथेच होते, लोकर गुंडाळायला बसले होते. त्याने टोपी काढली, घसा साफ केला आणि सभेत बोलावं तसा बोलला: सगळ्या घरांनी हात वर करून ठरवलं आहे. वर्षातून एक खेप, पूर्ण हंडा, गुंडलच्या स्वतःच्या नावाने, ती आहे तोवर. गावात असं पूर्वी कधी झालेलं नाही. कास्परनेही हात वर केला, सगळ्यांत आधी.

"आता बोल," तो म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मागत होतीस ना?"

"हो. मागत होते."

"मग?"

गुंडलने लोकरीचा गुंडा मांडीवरून उचलून टोपलीत ठेवला. "हार्टल, खरं सांग. जत्रेतली बिअर कशी होती?"

"हे काय विचारणं झालं? तुझी होती! म्हणून तर ठरवलं सगळ्यांनी. जिभेवर आहे अजून."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. तेच वाईट होतं.

"मग कास्परलाच करू दे," ती म्हणाली. "त्याला जमतंय."

"अगं, पण तुझा हक्क—"

"त्याला देते. लिहून घ्या हवं तर."

हार्टल निघाला तेव्हा मी दारापर्यंत गेले. पायरीवर थांबून त्याने नाक शिंकरलं. "बघा बाई," तो म्हणाला, "केवढ्या मनाची बाई! इतकी वर्षं ज्यासाठी भांडली ते हातात आलं, तर मुलाला देऊन मोकळी झाली."

गावात ही गोष्ट अजून अशीच सांगतात. कास्परही तशीच सांगतो, आणि सांगताना त्याचे डोळे ओले होतात. त्या वर्षापासून तो "गुंडलची बिअर" दोन हंडे काढतो, आणि ती जत्रेआधीच संपते.